घरच्या विजेचे रखवालदार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



विजेच्या विषयावर बोलण्यासाठी एखाद्या अभियंत्यास पाचारण करावयाचे सोडून कार्यकारिणीने माझ्यासारख्या बी.ए. झालेल्या, सारी हयात सरकारी फायलींत घालविलेल्या गृहस्थास उभे केले, याचे आपणांस आश्चर्य वाटले असेल. मलाही वाटले. परंतु त्यामागे एक कारण आहे, ते प्रथम सांगतो.

गेल्या गणेशोत्सवात नाट्यगीतांचा कार्यक्रम रंगात आला असता सभागृहातील दिवे एकाएकी गेले. रंगमंचावरील झोतदिवे, ध्वनिक्षेपक, स्वयंपाकघरातील मोठे मिक्सर आणि चहाची विजेची टाकी ही सर्व मंडळी एकाच ओळीवर काम करीत होती. ट्रिप स्विच खाली पडला होता. तो वर केला की पुन्हा पडे. तेव्हा आपल्यापैकी एक उत्साही तरुण म्हणाला, "काका, हा स्विच मधून काढून टाकतो, डायरेक्ट करून देतो, म्हणजे रात्रभर कटकट नाही." मी त्यास हात धरून थांबविले आणि मिक्सर नि टाकी बंद करावयास लावली. कार्यक्रम पार पडला. पण तो तरुण माझ्यावर नाराज झाला. त्याच्या नाराजीला उत्तर द्यावे, या हेतूने हे व्याख्यान मी पत्करले आहे. त्याला त्या रात्री जे सांगता आले नाही ते आज सांगतो, कारण त्याच्यासारखीच चूक मी स्वतः एकदा केलेली आहे.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही येथील एका जुन्या सरकारी निवासस्थानात राहत होतो. जानेवारी महिना होता. चंडीगडच्या जानेवारीचे वर्णन आपणांपुढे करणे नको. साताऱ्याहून माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, हिवाळ्यापुरते आमच्याकडे आले होते. त्यांच्या खोलीत एक हीटर, मुलांच्या खोलीत दुसरा, न्हाणीघरात गीझर आणि सकाळी कचेरीच्या घाईत इस्त्री. चिनी मातीच्या त्या पांढऱ्या किटकॅटमधील फ्यूज एक दिवसाआड उडू लागला. मी कंटाळलो आणि वायरमनला म्हणालो, "रोज रोज हे नको, चांगली जाड तार घाल." त्याने हसून तसे केले. त्यानंतर पंधरा दिवस फ्यूज उडाला नाही आणि मी आपल्या व्यवहारचातुर्यावर खूष झालो.

एके रात्री नाना उठले. काही तरी जळत असल्याचा वास त्यांना आला. त्यांनी मला हाक मारली, मेन स्विच बंद करावयास लावला आणि सकाळ होईपर्यंत तो चालू करू दिला नाही. सकाळी त्यांच्या पलंगामागील लाकडी पट्टी उघडली, तेव्हा आतील तारांवरचे आवरण वीतभर जळून कोळसा झालेले आढळले. लाकूडही काळे पडले होते. नानांनी किटकॅट ओढून पाहिला आणि मला एकच वाक्य विचारले, "अरे, एवढी जाड तार घातलीस, मग आता वितळायचं कुणी?"

नाना काही वीजतज्ज्ञ नव्हते. परंतु साताऱ्याच्या आमच्या घरी मेन स्विचच्या शेजारच्या कोनाड्यात एक मेणबत्ती, एक पेचकस आणि पुठ्ठ्यावर गुंडाळलेली फ्यूजची तार नेहमी ठेवलेली असे. दिवे गेले की ते प्रथम मेन बंद करीत, मग कोणते उपकरण चालू असता फ्यूज उडाला याची घरभर चौकशी करीत, आणि त्यानंतरच तारेचा एकच पदर नव्याने घालीत. दोन पदर घातलेले त्यांना कधीही खपले नाही. लहानपणी हा त्यांचा कंजूषपणा वाटे. त्या सकाळी त्याचा अर्थ कळला. त्यांच्या त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता जे वाचले, जाणकारांना विचारले, तेच आज आपणांपुढे ठेवीत आहे.

प्रथम एक शब्द. मराठी विश्वकोशाच्या परिभाषेत विजेच्या 'सर्किट'ला 'मंडल' म्हटले आहे. शालेय पुस्तकांत 'परिपथ' असा शब्द येतो. मला मंडल अधिक आवडतो. वीज एका तारेने येते, उपकरणातून काम करून दुसऱ्या तारेने परत जाते. वर्तुळ पुरे झाले तरच ती वाहते. मंडलात कोठेही खंड पडला की सारे काम थांबते. आपल्या मंडळाचेही असेच आहे, असे कोणी म्हटल्यास मी नाही म्हणणार नाही.

आता तार तापते का? १८४१ साली जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने असे दाखवून दिले की, तारेत निर्माण होणारी उष्णता ही प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. यातील 'वर्ग' हा शब्द महत्त्वाचा. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. प्रवाह तिप्पट झाला की नऊपट. माझ्या घरचा हिशेब मांडून पाहू. आपल्याकडे विद्युत्‌दाब २३० व्होल्ट असतो. २००० वॅटचा हीटर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. असे दोन हीटर, तेवढाच गीझर आणि १००० वॅटची इस्त्री मिळून सुमारे ३० अँपिअर होतात. तार होती १५ अँपिअरसाठी आखलेली. म्हणजे प्रवाह दुप्पट आणि भिंतीतली उष्णता चौपट. ही उष्णता दिसत नाही, आवाज करीत नाही. ती महिनोन्‌महिने तारेवरचे आवरण भाजीत, ठिसूळ करीत राहते आणि एके रात्री आवरण हार खाते.

हा झाला जादा भाराचा प्रकार. दुसरा प्रकार शॉर्ट सर्किटचा. आवरण फाटून जाणारी नि येणारी तार एकमेकींस चिकटल्या, तर मधल्या उपकरणाचा अडसर नाहीसा होतो. वाटेतला सारा रोध समजा अर्धा ओहम उरला, तर २३० भागिले अर्धा म्हणजे ४६० अँपिअर प्रवाह क्षणात धावतो. जादा भार हा मंदाग्नी आहे, तर शॉर्ट सर्किट हा भडका. रखवालदार असा हवा की, ज्याला दोन्ही ओळखता येतील.

यांतील जुना रखवालदार म्हणजे फ्यूज. विश्वकोशाने त्यास 'वितळतार' असे नाव दिले आहे. शब्द ऐकताच कार्य कळावे, असा हा शब्द आहे. विजेचे दिवे येण्यापूर्वीच याची कल्पना निघाली होती. १८४७ साली ब्रेगे या फ्रेंच गृहस्थाने तारायंत्राच्या कचेऱ्यांना आकाशातील विजेपासून वाचविण्यासाठी मध्ये बारीक तारेचा तुकडा घालण्याची सूचना केली होती. पुढे एडिसनने १८९० साली आपल्या वितरणव्यवस्थेसाठी फ्यूजचे पेटंट घेतले. तत्त्व अगदी साधे आहे. साऱ्या मंडलात सर्वांत दुबळा असा एक तुकडा आपण होऊन घालावयाचा. प्रवाह प्रमाणाबाहेर गेला की, भिंतीतली तार जळण्यापूर्वी हा तुकडा वितळतो आणि मंडल तुटते. तो दुबळा आहे, हाच त्याचा गुण.

हा दुबळेपणा मात्र मोजून मापून ठेवलेला असतो. कल्हई केलेल्या तांब्याची सुमारे ०.२ मिलिमीटर व्यासाची तार ५ अँपिअरच्या मंडलासाठी वापरतात आणि सुमारे ०.५ मिलिमीटरची १५ अँपिअरसाठी. व्यास दुप्पट केला, तर वितळण्याचा प्रवाह दुप्पट न होता पावणेतीनपटींच्याही वर जातो. डोळ्यांना 'थोडीशी जाड' वाटणारी तार किती निराळी असते, ते यावरून ध्यानी यावे. शिवाय अशी तार नेमलेल्या प्रवाहाच्या जवळजवळ दुप्पट प्रवाह झाल्याखेरीज लवकर वितळत नाही, हा तिचा अंगचा दोष. म्हणजे मुळातच सैल असलेल्या पहारेकऱ्यास मी त्या जानेवारीत पूर्ण झोपवून टाकले होते. कारखान्यांत यासाठी वाळू भरलेल्या नळीतला फ्यूज वापरतात. तार वितळताना उठणारी विजेची ज्योत त्या वाळूत विझते आणि प्रचंड प्रवाहही सुरक्षितपणे तोडला जातो.

फ्यूजचा आणखी एक दोष असा की, तो एकदाच हुतात्मा होऊ शकतो. नवा घालावा लागतो आणि घालणाऱ्याच्या हातात मोह असतो. हा मोह टाळणारे उपकरण म्हणजे ट्रिप स्विच, ज्यास आपण एम.सी.बी. या आद्याक्षरांनी ओळखतो. घरगुती वापराचा असा छोटा स्विच जर्मनीतील मानहाइम येथील ह्यूगो श्टोट्झ यांच्या कारखान्यात १९२४ साली तयार झाला.

त्या लहानशा डबीत दोन पहारेकरी एकत्र बसविलेले आहेत. पहिला धिम्या बुद्धीचा. दोन भिन्न धातूंच्या पट्ट्या एकमेकींस जोडलेल्या असतात. तापल्यावर एक अधिक प्रसरण पावते, दुसरी कमी, त्यामुळे जोडपट्टी वाकते आणि कळ सोडविते. भार थोडा अधिक असेल तर ती सावकाश वाकते, पुष्कळ अधिक असेल तर लवकर. प्रमाणित १६ अँपिअरच्या स्विचने सुमारे १८ अँपिअरवर तासभर तग धरला पाहिजे. परंतु सुमारे २३ अँपिअर झाले की तासाच्या आत तो सुटलाच पाहिजे. दुसरा पहारेकरी तडकाफडकी. तो म्हणजे तारेचे वेटोळे, अर्थात विद्युत्‌चुंबक. शॉर्ट सर्किट झाले की हे वेटोळे दांडा खेचून घेते आणि सेकंदाच्या शतांश भागाच्या आसपास मंडल तोडते. 'सी' जातीचा स्विच नेमलेल्या प्रवाहाच्या ५ ते १० पटींत असा तत्काळ सुटतो, 'बी' जातीचा ३ ते ५ पटींत. फ्रिजची किंवा पंपाची मोटर सुरू होताना क्षणभर जो मोठा प्रवाह घेते, त्याने स्विच उगाच पडू नये म्हणून हा भेद.

आणि एक गंमत. स्विचचा खटका बोटाने वर दाबून धरला, तरी आतली कळ सुटावयाची ती सुटतेच. बाहेरून कितीही दडपण आणले, तरी तो आपला आक्षेप मागे घेत नाही. इतकी वर्षे सरकारी नोकरी केलेल्या माणसाला या गुणाचे विशेष कौतुक वाटले, तर आपण समजून घ्याल.

येथवर ऐकून आपणांस वाटेल की, आता घरातील माणसे निर्धास्त. हाच सर्वांत मोठा गैरसमज होय. फ्यूज काय किंवा एम.सी.बी. काय, हे तारेचे रक्षण करतात, माणसाचे नव्हे. १६ अँपिअरचा स्विच १६ अँपिअरपर्यंत स्वस्थ बसतो. मनुष्याच्या देहातून त्याचा पाचशेवा हिस्सा, म्हणजे सुमारे ३० मिलिअँपिअर प्रवाह काही क्षण गेला तरी श्वास अडकू शकतो. त्याहून अधिक गेल्यास हृदयाचा ताल बिघडतो. न्हाणीघरात गीझरच्या धक्क्याने माणूस कोसळेल आणि भिंतीवरचा स्विच जागचा हलणार नाही.

यासाठी तिसरा रखवालदार लागतो. त्याला गळतीरक्षक म्हणावे. याचे काम हिशेबनिसासारखे आहे. जाणारी आणि येणारी अशा दोन्ही तारा एका चुंबकीय कड्यातून नेलेल्या असतात. जितका प्रवाह गेला तितकाच परत आला, तर जमा आणि नावे यांचा मेळ बसतो आणि कडे शांत राहते. मधल्यामध्ये थोडा प्रवाह एखाद्याच्या अंगातून जमिनीत गेला, तर परतीच्या रकमेत तूट येते. ३० मिलिअँपिअरची तूट दिसताच हा हिशेबनीस मंडल तोडतो. अमेरिकेत बर्कली येथील विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स डॅलझील यांनी माणसाचा देह किती प्रवाह सोसू शकतो, याचा अनेक वर्षे अभ्यास करून १९६१ साली असे संवेदनशील उपकरण सिद्ध केले. आपल्याकडे केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या २०१० च्या आणि पुढे २०२३ च्या सुरक्षाविषयक विनियमांत अशा गळतीरक्षकाची तरतूद आहे. मात्र जोडीला अर्थिंग नीट हवे. तीन पायांच्या पिनेचा मोठा पाय कापून टाकणारे लोक त्या पायाबरोबर आपला आधारही कापतात.

आता घराबाहेर पडू. आपल्या शहराला ३० जुलै २०१२ ही तारीख विसरता येणार नाही. पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी सारा उत्तर भारत अंधारात गेला. चंडीगड, दिल्ली, पंजाब, हरियाणा, हिमाचल, राजस्थान, उत्तर प्रदेश, कोठेही दिवा नव्हता. वीज परत येते न येते तो दुसऱ्या दिवशी दुपारी १ वाजता उत्तरेबरोबर पूर्वेचे नि ईशान्येचेही जाळे कोसळले. साठ कोटींहून अधिक लोकवस्तीच्या प्रदेशाला याची झळ लागली. पश्चिमेचे जाळे मात्र टिकले. सासर अंधारात आणि माहेर उजेडात, अशी आपल्यापैकी पुष्कळांची त्या दोन दिवसांत अवस्था झाली.

या प्रकरणाची चौकशी झाली. तिच्यात आढळले ते असे. पश्चिमेकडून उत्तरेकडे येणाऱ्या काही वाहिन्या आधीच बंद होत्या. उरलेल्यांपैकी बिना ते ग्वाल्हेर या ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीवर भार अतोनात वाढला. प्रवाह फार, दाब कमी, असे दिसताच तेथील संरक्षक रिलेला तो दूरवरचा दोष वाटला आणि त्याने वाहिनी तोडली. प्रत्यक्षात तारेत दोष नव्हता, केवळ भार होता. एक वाहिनी तुटताच तिचा भार शेजारणींवर पडला, त्या एकामागून एक तुटल्या आणि जाळे विस्कटले.

म्हणजे रखवालदाराने जागे असणे पुरेसे नाही, त्याला विवेकही हवा. या शास्त्रात तज्ज्ञ मंडळी या गुणाला फार जपतात. दोष जेथे आहे, त्याच्या सर्वांत जवळचा स्विच प्रथम सुटावा आणि बाकीचे स्थिर राहावेत. स्वयंपाकघरात बिघाड झाला तर स्वयंपाकघरच अंधारात जावे, सारे घर नव्हे. एका घरात झाला तर सारी गल्ली नव्हे. यासाठी घरातल्या स्विचांची उतरंड लावावी लागते. मुख्याचा अधिक अँपिअरचा, शाखांचे कमी. आमच्या मंडळाच्या सभागृहात दिवे, ध्वनिक्षेपक आणि स्वयंपाकघर यांच्या ओळी वेगळ्या असत्या, तर चहाच्या टाकीने नाट्यगीत बंद पाडले नसते. दोष स्विचचा नव्हता, आमच्या मांडणीचा होता.

हीच गोष्ट आपल्या जुन्या घरांची. फ्राय, ड्रू आणि जानरे यांनी पन्नासच्या दशकात या शहरातील सरकारी नोकरांसाठी दर्जावार घरे आखली, तेव्हा भाक्रा धरण अद्याप बांधले जात होते. ते राष्ट्राला अर्पण झाले १९६३ साली. त्या काळी एखाद्या कारकुनाच्या घरी वातानुकूलन यंत्र, गीझर आणि मायक्रोवेव्ह नांदतील, असे कोणाच्या स्वप्नीही आले नसेल. भार आज कितीतरी पटींनी वाढला. पण पुष्कळ भिंतींतील तारा मात्र त्या पिढीच्याच आहेत. शहराचे वीजवितरण १ फेब्रुवारी २०२५ पासून कंपनीकडे गेले आहे; परंतु खाते असो वा कंपनी, मीटरच्या अलीकडील तारांची काळजी पूर्वीही आपल्यावरच होती आणि आजही आहे.

तेव्हा घरी गेल्यावर चार गोष्टी कराव्यात, अशी विनंती आहे. स्विच पडला तर तो लगेच वर करू नये; ओळीवरची उपकरणे बंद करून एकेक चालू करावे, दोषी आपोआप सापडतो. वारंवार पडणाऱ्या १६ अँपिअरच्या जागी ३२ चा बसवून घेऊ नये. आधी तार बदलावी, मग स्विच. स्विच तारेच्या ताकदीवरून ठरतो, आपल्या गरजेवरून नव्हे. गळतीरक्षकावर चाचणीचे एक बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबून तो सुटतो की नाही हे पाहावे; न सुटणारा रक्षक असून नसल्यासारखा. आणि ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांनी ध्यानात ठेवावे की, मेन बंद केला तरी त्याच्या ओळीत वीज जिवंत असते. दुरुस्तीपूर्वी तोही बंद केला पाहिजे.

त्या रात्री नाना जागे झाले नसते तर काय झाले असते, याचा विचार मी पुष्कळ वर्षे टाळला. मुलांची खोली शेजारीच होती. वायरमनला दोष देणे सोपे होते आणि काही दिवस तो मी दिलाही; पण जाड तार मागितली ती मी. माझ्या घरात जो एकजण वेळेवर 'हे सोसवत नाही' असे सांगत होता, त्याचेच तोंड मी बंद केले होते. नाना आता नाहीत. माझ्या घरच्या मेन स्विचजवळ मात्र एक मेणबत्ती आणि पेचकस आजही ठेवलेला असतो. फ्यूजची तार लागत नाही, तरी तो पुठ्ठा मी साताऱ्याहून आणून ठेवला आहे.

आपले मंडळ पन्नास वर्षे अखंड राहिले, ते त्यातील कोणी ना कोणी वेळीच सावध करीत आले म्हणून, असे मला वाटते. त्या नाराज तरुणाने पुढील गणेशोत्सवात सभागृहाच्या ओळी वेगळ्या करून घेण्याचे काम अंगावर घ्यावे, अशी माझी सूचना आहे. खर्चाचा पहिला हिस्सा मी देईन.